शनिवारचा ताप

काल संध्याकाळी आमच्या अंबरपेठच्या गल्लीत धुराची गाडी येऊन गेली. गाडी कसली, एक जुनी स्कूटर, मागे बसलेला माणूस आणि त्याच्या मांडीवर फटफटणारं नळकांडं. पांढरा धूर पहिल्या मजल्यापर्यंत चढला. खालच्या इडलीवाल्याने पातेल्यांवर झाकणं टाकली, समोरच्या अम्मांनी वाळत घातलेल्या साड्या ओढून आत नेल्या. रॉकेलसारखा, पण जरा गोडसर असा तो वास पडद्यांत जाऊन बसला. ‘‘आई, दोमल बंडी आली, खिडकी लाव,’’ सानू आतून म्हणाली. डासांच्या गाडीला माझी मुलगी तेलुगूतच हाक मारते. मी खिडकी लावली.

भाद्रपदात कुणाला सर्दी होते, कुणाचा दमा उफाळतो. माझा हेवा उफाळतो. वर्षभर तो असतोच म्हणा, पण दबून. नोकरी, मेट्रो, डबे, सानूची शाळा यात त्याला डोकं वर काढायला फुरसत होत नाही. गणपती जवळ आले की मात्र तो अंगावर पुरळासारखा दिसायला लागतो. कुणाचा हेवा, तर सख्ख्या जावेचा. तिने माझं कधी काही वाकडं केलेलं नाही. तिने काही वाकडं केलं असतं तर किती सोपं झालं असतं.

इमारतीच्या ग्रुपवर सूचना सुरू झाल्यात. कुलरमधलं पाणी ओता, गच्चीवरचे डबे उलटे करा, मनीप्लांटच्या बाटल्या रिकाम्या करा. शाळेतून चिठ्ठी आलीय, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पाठवा. हा डास दिवसाढवळ्या चावतो आणि स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, हे आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आणि याच आठवड्यात बरकतपुऱ्याहून जाऊबाईंचा, शैलावहिनींचा निरोप येतो, की महालक्ष्म्या यायल्यात, कधी येतेस.

मी पुण्याची. आमच्या माहेरी खड्याच्या गौरी. पाण्याकाठचे सात खडे आणायचे, तबकात मांडायचे, झालं. सासरी गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्या दोन चांगल्या उभ्या बायका असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पितळी मुखवटे, जरीच्या साड्या, पुढ्यात त्यांची दोन लेकरं, डोक्यावर दोऱ्यांनी टांगलेला करंज्या-सांजोऱ्यांचा फुलोरा. सोळा भाज्या, आंबील, पुरण. ज्येष्ठेला थोरल्या सुनेने नेसवायचं, कनिष्ठेला धाकटीने. शैलावहिनींच्या ज्येष्ठेची निरी अशी पडते की देवी आत्ता पाऊल टाकेल. माझ्या कनिष्ठेचा पदर दुसऱ्या दिवशीच खांद्यावरून घसरतो. पाहुण्या बायका काही बोलत नाहीत, फक्त जाता जाता तो सावरून देतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

वहिनींचं सगळंच असं. माझ्या नवऱ्याचे, प्रशांतचे आजोबा नांदेडकडची शेती भावांवर सोडून निजामाच्या काळात इथे आले. तीन पिढ्यांनंतरही या घराची मराठी तिकडचीच आहे, त्यात शेजारची उर्दू आणि तेलुगू मुरलेली. वहिनी ‘करायलेय’ म्हणतात, ‘हौ’ म्हणतात, ‘नक्को’ म्हणतात, मुलाला लेकरू म्हणतात. त्यांची दोन्ही मुलं मोठी होऊन उडाली. एक बंगळुरात, दुसरा, नशीब बघा, माझ्याच पुण्यात. म्हणजे त्या काही मांडी रिकामी म्हणून झुरणाऱ्या बाई नव्हेत. तसं असतं तर मला त्यांची दया आली असती आणि मी मोठेपणाने वागले असते.

सानू एक वर्षाची झाली तेव्हा मी कामावर परत रुजू झाले. माझं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी प्रशांत सानूला बरकतपुऱ्याला सोडायचा, संध्याकाळी मी घेऊन यायची. तिचा पहिला दात वहिनींना दिसला. पहिलं पाऊल त्यांच्या ओट्यापासून त्यांच्या पिठाच्या डब्यापर्यंत पडलं. मला दोन्ही गोष्टी फोनवर कळल्या, एकदा मीटिंगमध्ये, एकदा लिफ्टमध्ये. मी ‘अरे वा’ म्हणाले. आणि त्या घरातल्या रीतीप्रमाणे थोरल्या काकूला मुलं मोठीआई म्हणतात, तशी सानूही म्हणायला लागली. मी एकदा हळूच काकू म्हणायला शिकवून पाहिलं. तिने दोन दिवस काकू म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिलं.

सानू सात वर्षांची होती त्या वर्षी महालक्ष्म्यांचं जेवण शनिवारी आलं. आमच्या ऑफिसात नेमकं त्याच दिवशी मोठं काम होतं, सुट्टी मिळाली नाही. मिळाली नाही म्हणजे, मी मागितली नाही. जेवणाच्या दिवशी वहिनींच्या स्वयंपाकघरात माझं काम काय, तर केळीची पानं पुसणं. त्यापेक्षा ऑफिस बरं. कनिष्ठेला आदल्या दिवशी नेसवून ठेवलं होतं, तेवढं पुरे, असं मी मनाशी म्हटलं. प्रशांत दिवसभर तिथेच होता, पण पंगतीत वाढत. मी संध्याकाळी उशिरा पोचले तर सानू आतल्या खोलीत झोपलेली. दमली असेल, सगळे म्हणाले. वहिनी म्हणाल्या, राहू दे आज इथंच, उद्या विसर्जनाला येशीलच.

रविवारी दुपारी निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. सानूने माझा हात धरलेला, दुसऱ्या हातात फुलोऱ्यातली करंजी, न खाल्लेली.

‘‘कालच्याला चार वाजल्यापासून अंग तापायलंय हिचं,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘एकशे एकच्या वर गेलता. तापाचं साधं औषध दिलं, सकाळी परत दिलं. नाक वाहायलं नाही, खोकला नाही, नुसता ताप. डोळ्याच्या मागं दुखतंय म्हणायलीय. ध्यान दे बरं. हे दिवस चांगले नाहीत.’’

मी सानूच्या कपाळाला हात लावला. कोमट होतं. ‘‘गर्दीत नाचली असेल, वहिनी. आणि जागरण.’’

‘‘जागरण कुठलं? लेकरू सातलाच झोपलं.’’

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या मुलीच्या अंगाचा ताप मला दुसऱ्याने घडी करून हातात द्यावा, वेळेसकट, आकड्यासकट. आणि काल मी नव्हते ही गोष्ट त्या एकदाही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलून टाकायला हवी होती, मला भांडता तरी आलं असतं. मी म्हटलं, बघते, आणि रिक्षात बसले.

त्या रिक्षातलं ऊन मला अजून आठवतं. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, रस्त्यावरच्या खड्ड्यांतलं पाणी चकाकत होतं. सानू माझ्याकडे बघताना डोळे वळवत नव्हती, अख्खी मान वळवत होती. मला ते गमतीचं वाटलं. घरी आल्यावर तिने टीव्ही मागितला नाही. पाय दुखतात म्हणाली, मी तेल लावून चोळले. चिडचिड करत होती, मी म्हटलं, झाले बरकतपुऱ्याचे लाड सुरू. गाल लाल होते. ते लाल गाल बघून मला ती छान दिसतेय असं वाटलं, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

सोमवारी सकाळी थर्मामीटरमध्ये एकशे तीन.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मुलांच्या डॉक्टरीणबाई आहेत, तेलुगू, शांत, चष्मा नाकावर. बाहेरच्या बाकांवर मुलंच मुलं, सगळ्यांचे डोळे तसेच तारवटलेले. आत गेल्यावर त्यांनी सानूला टेबलावर बसवलं आणि नेहमीचं विचारलं, ‘‘ज्वरम एन्नि रोजुल नुंची?’’ किती दिवसांपासून ताप आहे. एवढी तेलुगू मला येते.

‘‘आज,’’ मी म्हणाले. ‘‘आज सकाळपासून.’’

खोटं बोलायचं ठरवून मी गेले नव्हते. पण शनिवार म्हटलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं. किती होता, कोणी मोजला, काय दिलं. प्रत्येक उत्तर ‘माझ्या जावेने’ असं आलं असतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मी दुसऱ्या बाईचे निरोप सांगणारी मोलकरीण झाले असते. आणि अर्धं मला खरंच वाटत होतं की शनिवारचं ते दमण्याचं होतं, ताप माझ्या घरीच आला. ताप तरी माझ्या घरी यावा. सानू टेबलावर पाय हलवत बसली होती, तिने पाय थांबवून माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, पहिला दिवस. रक्त घेतलं, संध्याकाळी डेंगू निघाला. त्यांनी मला समोर बसवून सावकाश समजावलं. ताप दोन ते सात दिवस राहतो. साध्या औषधाशिवाय तापावर दुसरं काही द्यायचं नाही. पाणी, मीठ-साखरेचं पाणी, ताक, नारळपाणी, घोट घोट पाजत राहायचं. आणि नीट ऐका अम्मा, असं म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं. ताप असताना एवढं भय नाही. ताप उतरतो तेव्हा खरं भय, चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आसपास. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी कमी झाली, मूल गुंगीत गेलं, तर मला विचारत बसू नका, मोठ्या दवाखान्यात पळा. मी मान डोलावत बोटं मोजली. चौथा दिवस म्हणजे गुरुवार. मी सुट्टी टाकली, या वेळी मागून घेतली.

सोमवार आणि मंगळवार मी इतकी सुखात होते की सांगायला लाज वाटते. मुलीला एकशे तीन ताप आणि आई सुखात. पण होते. सात वर्षांत पहिल्यांदा ती संपूर्ण माझी होती. कोमट पाण्याच्या घड्या मी ठेवत होते, वाटीवाटीने ताक मी पाजत होते, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शेजारच्या अम्मा पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या, कुणी शेळीचं दूध आणायला सांगितलं. मी सगळ्यांना हसून नको म्हटलं. वहिनींचे फोन येत होते. मी प्रशांतला उचलायला लावत होते. ‘‘येऊ का म्हणतायत,’’ तो विचारायचा. ‘‘कशाला त्रास, मी आहे ना,’’ मी म्हणायची. मी आहे ना, हे तीन शब्द किती गोड लागतात तोंडात.

मंगळवारी दुपारी सानू तापात पुटपुटली, मोठीआई, घुगऱ्या नको. मी ते ऐकलं नाही असं केलं.

बुधवारी सकाळी तिचं अंग थंड होतं. थर्मामीटर पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, ताप नाही. माझा जीव भांड्यात पडला. नुसता भांड्यात नाही पडला, नाचायला लागला. माझ्या हाताखाली ताप आला, माझ्या हाताखाली गेला. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तिसऱ्याच दिवशी? मग बहुधा परत चढेल, पाजत राहा, उद्या सकाळी आणा, रक्त बघू. माझ्या सासरी ताप उतरला की मुलाला न्हाऊ घालून मऊ भात द्यायची रीत आहे, आणि दर वेळी ते वहिनीच करतात. मी म्हटलं, या वेळी मी. प्रशांत ऑफिसला गेला, मी गरम पाणी काढलं. सानू बादलीजवळच्या पाटावर मुटकुळं करून बसली. डोक्यावरून पाणी घातलं तरी तिने डोळे चोळले नाहीत. मेतकूट-भात कालवला, तो तिने दोन घासांत उलटून टाकला. पोट दुखतं म्हणाली. इतक्या दिवसांनी भात खाल्ला, दुखणारच. मी तिला पांघरूण घातलं आणि चार ठिकाणी फोन करून कळवलं, उतरला हो ताप.

वहिनींनाही कळवलं. त्यांना तर आधी.

तासाभरात त्या दारात. हातात डबा, चपला उलट्यासुलट्या काढलेल्या. मला बाजूला करून त्या आत गेल्या आणि सानूच्या कपाळाला हात न लावता पांघरुणाखालून तिची पावलं धरली. मी दारात उभी राहून ते बघितलं. मला सुचलं नव्हतं पावलं धरायचं.

‘‘बर्फ झालेत गं पाय,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘लघवीला कधी गेलती?’’

मला आठवेना. सकाळी? की काल?

‘‘उलटी?’’

‘‘दोनदा. भात दिला होता ना मी.’’

‘‘आज पाचवा दिवस आहे,’’ वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. ‘‘शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, आज पाचवा. चल, रिक्षा बघ.’’

मी सोमवारपासून मोजत आले होते. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन. त्या बोटांवर मोजत होत्या आणि मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. मी रिक्षा बघायला पळाले. सानूला त्यांनीच उचललं. सात वर्षांची लांब पायांची पोर, मान त्यांच्या खांद्यावर टाकलेली.

मुलांचा मोठा दवाखाना, तिथली ती वर्दळ, भिंतीवर रंगवलेली माकडं. तरुण डॉक्टर आले. त्यांनी सानूचं बोटाचं टोक दाबून सोडलं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघत राहिले. रक्तदाब घेतला. रक्त घट्ट व्हायला लागलंय, म्हणाले, अंगातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतंय. मी प्लेटलेटचं विचारलं, कारण सगळे तेच विचारतात. ते म्हणाले, आकडा नंतर, आधी हातपाय गरम होऊ द्या आणि लघवी होऊ द्या. तेवढ्यात त्यांनी डॉक्टरीणबाईंचा कागद उलगडला आणि कपाळाला आठी पडली.

‘‘सोमवारी फर्स्ट डे लिहिलंय, म्हणजे आज थर्ड. इतक्या लवकर ही अवस्था?’’ त्यांनी हिंदीत विचारलं. ‘‘ताप नक्की कधी सुरू झाला?’’

मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा आला नाही. समोर माझी पोर पडलेली, नर्स शीर शोधतेय, आणि माझ्या घशात शनिवार अडकलेला.

‘‘शनिवारपासून, साब,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘दुपारी चार बजे से. मेरे घर पे थी. मी हिच्या आईला सांगायचीच विसरले. घर में पूजा थी, गडबड में रह गया.’’

डॉक्टर त्यांच्यावर चिडले. अम्मा, असं कसं विसरता, तुमच्यामुळे दोन दिवसांचा घोळ झाला, मुलगी आज सकाळीच इथे असायला हवी होती. वहिनी मान खाली घालून हौ, हौ म्हणत राहिल्या. मी शेजारी उभी होते. माझी बोलायची वेळ होती ती. मी सानूकडे पाहिलं, तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. मी सलाईनच्या थेंबांकडे बघायला लागले.

त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं याबद्दल कृतज्ञता वाटायला हवी होती. मला वाटलं, हेही हिला किती सहज जमलं. मोठेपणासुद्धा हिनेच घ्यायचा.

तो दिवस आणि पुढचा दिवस थेंबांत गेला. तासातासाला मोजून सलाईन, तासातासाला रक्तदाब, कागदावर ओळी. पोट फुगलेलं, पापण्या सुजलेल्या. गुरुवारी दुपारी नर्स भांडं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, झाली लघवी, पुष्कळ झाली. मी आणि वहिनी दोघीही रडलो, वेगवेगळ्या खिडक्यांशी उभ्या राहून. शनिवारी सानूला भूक लागली. तिच्या तळव्यांवर, पोटऱ्यांवर लाल पुरळ उठलं होतं, मधे मधे पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, आणि तिला सारखी खाज सुटत होती. बरं होण्याची खूण आहे ही, डॉक्टर म्हणाले. ती खाजवत होती आणि मला ते बघून इतकं बरं वाटत होतं. तिने मऊ भात मागितला. कुणाच्या हातचा ते तिने सांगितलं, आणि वहिनींनी डबा उघडला.

इथे मी थांबले असते तर एक वेळ माफ होतं. मी थांबले नाही.

घरी आल्यावर सगळीकडे तीच गोष्ट पसरली, की शैला सांगायचीच विसरली. त्यांच्या नवऱ्याने, भाऊजींनी, त्यांना चारचौघांत सुनावलं. प्रशांत म्हणाला, वहिनींचं वय झालं आता. मी गप्प राहिले, आणि महिनाभराने त्याच गप्प राहण्याचा मी उपयोग केला. म्हटलं, आता त्यांच्यावर एवढी जबाबदारी टाकणं बरं नाही, विसरायला होतं त्यांना. आमच्या इमारतीजवळच्या पाळणाघरात सानूचं नाव घातलं. हे सांगायला मीच बरकतपुऱ्याला गेले. वहिनी गवार मोडत होत्या. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘‘बघ बाई, तुझं लेकरू आहे. तिला डाळिंब सोलून द्यायला सांग तिथं, अख्खं देऊ नक्को, खात नाही ती.’’ आणि गवार मोडायला लागल्या.

पाळणाघराच्या बाईंना मी डाळिंबाचं सांगितलं नाही. तिसरीतली मुलगी आपलं आपण सोलून खाते, असं म्हटलं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. सानू तेरा वर्षांची आहे. आता ती स्वतःच शाळेतून वाटेल तेव्हा बसने बरकतपुऱ्याला जाते, येताना तिच्या केसांना तिथल्या खोबरेल तेलाचा वास असतो. मी विचारते, काय केलंत आज. काही नाही, म्हणते, असंच. त्या असंचमध्ये काय काय असतं ते मला कधी कळत नाही. मराठी ती अडखळत वाचते, पण बोलताना ‘काय करायलीस’ म्हणते. माझं पुणेरी ‘करतेयस’ तिने कुठूनच उचललं नाही. दर वर्षी महालक्ष्म्यांच्या पंगतीत भाऊजी एकदा तरी म्हणतात, शैला, यंदा काही विसरू नकोस बरं. वहिनी हसतात. मी पुरण वाढत पुढे सरकते.

काल धूर विरेपर्यंत खिडक्या बंद होत्या. पंख्याखाली सानू गणितं करत होती, मी तिच्या जुन्या परकराची शिवण उसवत होते. वहिनींचा आवाजी निरोप आला, तो मी मोठ्याने लावला. परकर होतोय का बघ, नाही तर मी नवा शिवून घेते, सानूला म्हणावं शनिवारी लवकर ये. मागून भाऊजींचा आवाज, ‘‘विसराळू बाईच्या भरवशावर राहू नका हो.’’ मग वहिनींचं हसणं, आणि निरोप संपला.

सानूने पेन खाली ठेवलं. तिचा चेहरा असा कठीण झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता. आणि मला एकदम वाटलं, बस झालं. निदान हिला तरी सांगून टाकावं. मी परकर बाजूला ठेवला आणि सांगितलं. दारात वहिनींनी काय सांगितलं होतं, मी डॉक्टरीणबाईंना काय सांगितलं, दवाखान्यात काय झालं, पाळणाघर का. सांगून झाल्यावर मी तिच्या रागाची वाट पाहत बसले.

‘‘माहितीये,’’ सानू म्हणाली.

‘‘काय माहितीये?’’

‘‘मोठीआईनं तुला सांगितलं होतं ते. मी तिथंच होते ना, तुझा हात धरून.’’

माझ्या डोळ्यांपुढे ती न खाल्लेली करंजी आली. सात वर्षांचं मूल, ताप असला म्हणून काय बहिरं होतं?

‘‘मग कधी बोलली का नाहीस?’’

‘‘तू दवाखान्यात चहा आणायला खाली गेलेलीस. तेव्हा मी मोठीआईला विचारलं, तू खोटं का बोललीस. ती म्हणाली, आई लई भ्यायलीय, तिला काही बोलायचं नाही आपण. म्हणून नाही बोलले.’’ तिने पेन उचललं. ‘‘अजून पण विचारते ती कधीकधी. आईला काही बोलली नाहीस ना, म्हणून. मी म्हणते, नाही.’’

आणि ती पुन्हा गणिताकडे वळली.

मी परकर हातात घेऊन बसले. सहा वर्षं. मी वहिनींकडून लेक काढून घेतली असं समजत होते, आणि त्या दोघी मिळून मला सांभाळत होत्या. माझ्यापासूनच माझं गुपित लपवत होत्या, बरकतपुऱ्याच्या स्वयंपाकघरात, केसांना तेल लावता लावता. मला त्यांच्यात घेतलं नव्हतं. लाज वाटली, खूप वाटली, पण ती नंतर. आधी मला त्या दोघींचा हेवा वाटला.